फोन रांगेत उभा राहतो तेव्हा

ब्रिटनमध्ये एकट्या राहणाऱ्या अनेक वयस्कर माणसांच्या गळ्यात लॉकेटसारखं एक बटण असतं. पाय घसरला, छातीत दुखलं, की ते दाबायचं. घरातला एक छोटा डबा टेलिफोनच्या तारेवरून मदत केंद्राला फोन लावतो आणि पलीकडून कोणीतरी बोलू लागतं. या सोयीच्या भरवशावर तिथं सुमारे १८ लाख माणसं आहेत. ब्रिटिश टेलिकॉम, म्हणजे बीटी, डिसेंबर २०२५ मध्ये जुनं टेलिफोनचं जाळं कायमचं बंद करणार होती. मे २०२४ मध्ये ती तारीख पुढे ढकलली गेली, जानेवारी २०२७ पर्यंत. त्यामागचं मोठं कारण हे बटण.

ही गोष्ट सुरू झाली २००४ मध्ये. त्या वर्षी बीटीनं 'ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी नेटवर्क' नावाची योजना जाहीर केली. खर्चाचा आकडा होता १० अब्ज पौंड. कंपनीकडे तोवर सोळाएक वेगवेगळी जाळी साठली होती. टेलिफोनचं एक, बँकांच्या भाड्याच्या लाइनींचं दुसरं, ब्रॉडबँडचं तिसरं, अशी. प्रत्येकाची यंत्रं वेगळी, सुटे भाग वेगळे, बिलाची पद्धत वेगळी, आणि ते सांभाळणारी माणसंही वेगळी. ती सगळी मोडून आवाज, डेटा आणि चित्र एकाच इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यावर आणायचं आणि वर्षाला अब्जभर पौंड वाचवायचे, असा बेत होता. दशक संपायच्या सुमारास काम बहुतेक उरकेल असं तेव्हा वाटत होतं.

ही वीस वर्षं कुठे गेली, हे समजायचं तर आधी जुन्या जाळ्याचा स्वभाव पाहायला हवा.

जुन्या टेलिफोनच्या जाळ्यात तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिलं जातं. गुणाकार ६४,०००, म्हणजे एका बोलण्याला ६४ किलोबिट. अशी ३० बोलणी आणि यंत्रांच्या आपसातल्या कामासाठी दोन घरं मिळून ३२ घरांची एक गाडी होते. तिला ई-१ म्हणतात. अशा ६३ गाड्या एकत्र केल्या की एसटीएम-१ ही वरची पायरी, तिच्यात १,८९० बोलणी. हीच बेरीज वर वर चढत जाते आणि देशाचा, मग जगाचा कणा तयार होतो.

यातली खरी गोष्ट अशी की प्रत्येक बोलण्याची जागा राखीव असते. फोन लागला की तुमचं घर तुमचं. तुम्ही बोला, गप्प बसा, दारावरची बेल वाजली म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवून जा; ते ६४ किलोबिट दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. दोन माणसं बोलतात तेव्हा एका वेळी साधारण एकच बोलतो, म्हणजे निम्मी जागा तशीही रिकामीच धावते. उधळपट्टी आहे खरी, पण तिच्या बदल्यात मिळणारी गोष्ट साधी नाही. आवाज पोहोचायला लागणारा वेळ पहिल्या शब्दाला जेवढा, तेवढाच शेवटच्या शब्दाला.

डेटाचा स्वभाव नेमका उलटा. तो झुंडीनं येतो. पान उघडताना क्षणभर धबधबा, मग तुम्ही वाचत बसता तेव्हा शुकशुकाट. त्याला राखीव जागा देणं परवडत नाही. म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांची खबर नसताना एकच मार्ग सुचवला: माहितीचे तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता घाला आणि वाट मोकळी असेल तसे सोडा. या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनी दिलं. इथं राखीव काही नाही, सगळे रांगेत.

आता या रांगेत फोनला उभं करायचं. सगळं दुखणं इथून सुरू होतं.

पहिला मोठा प्रयत्न झाला त्याचं नाव एटीएम. पैसे काढायच्या यंत्राशी याचा संबंध नाही. विचार असा होता की तुकडे करायचेच, पण सगळे एकाच मापाचे आणि छोटे, म्हणजे आवाजाला मोठ्या तुकड्यामागे ताटकळावं लागणार नाही. माप किती, यावर मात्र दोन खंड भांडले. अमेरिकनांना ६४ बाइट (एक बाइट म्हणजे ८ बिट) हवे होते, कारण तुकडा मोठा असला की पत्त्यावर जागा कमी वाया जाते. फ्रान्स आणि युरोपातल्या इतरांना हवे होते ३२. आवाजाचे ३२ बाइट जमायला ४ मिलिसेकंद लागतात, ६४ जमायला ८. फ्रान्ससारख्या देशात अंतरं छोटी, त्यामुळे उशीर थोडा ठेवला तर स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी दाबणारी महाग यंत्रं बसवावी लागत नाहीत. अमेरिका एवढी पसरलेली की तिला ती बसवावीच लागत होती. शेवटी गावकीत बांधाचा वाद मिटवतात तसा मिटवला: ३२ आणि ६४ च्या मधोमध, ४८. वर ५ बाइट पत्त्याचे, एकूण ५३. एकाही अभियंत्याला मनापासून न आवडलेला हा आकडा पुढे कित्येक वर्षं जगभरच्या जाळ्यांत धावला, आणि वाहतुकीचा जवळजवळ दहावा हिस्सा पत्त्यांतच जात राहिला.

एटीएम हरलं ते मात्र या आकड्यामुळे नाही, असं माझं मत आहे. ते हरलं टेबलावर. ऑफिसातल्या प्रत्येक संगणकात इथरनेटचं, म्हणजे संगणक एकमेकांना तारेनं जोडणारं, स्वस्त कार्ड बसलं, त्यावर इंटरनेटची आयपी पद्धत आली, आणि जिथं वाहतूक जन्मते तिथली भाषा आयपी झाली. मग कण्यावर तिचं पुन्हा ५३ बाइटांत पीठ पाडायचं कशाला? बीटीची योजना निघाली तोवर हा प्रश्न सुटलेला होता. कणा आयपीचा, आणि त्याला वळण लावायला एमपीएलएस.

एमपीएलएस हे नाव जड आहे, काम तसं नाही. पॅकेट कण्याच्या वेशीवर आलं की तिथला राउटर, म्हणजे पॅकेटांना वाट दाखवणारं यंत्र, त्याचा पूर्ण पत्ता एकदाच वाचतो आणि वर ३२ बिटांची एक चिठ्ठी चिकटवतो. तिच्यात २० बिटांचा एक आकडा असतो. पुढच्या नाक्यावरचा राउटर पत्ता पाहतच नाही. आकडा पाहतो, आपल्या तक्त्यात शोधतो, जुना पुसून नवा लिहितो आणि ठरलेल्या दारानं बाहेर काढतो. मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण इथं हमखास दिलं जातं. ते अर्धंच लागू पडतं, कारण डब्यावरची खूण शेवटपर्यंत तीच राहते, इथं आकडा नाक्यागणिक बदलतो. पण पत्ता न वाचता माल हलवायचा, हे दोन्हीकडे सारखंच. यातून जाळं चालवणाऱ्याला तीन गोष्टी हाताशी येतात. सगळ्यात जवळच्या रस्त्याऐवजी मोकळ्या रस्त्यानं वाहतूक नेता येते. एका बँकेची वाहतूक दुसऱ्या ग्राहकापासून वेगळी ठेवता येते, तीही एकाच तारेत. तिसरी गोष्ट तार तुटल्यावर कामाला येते, तिच्याकडे येतोच.

त्या चिठ्ठीत तीन बिट आणखी एका कामाला असतात, आणि ते काम समजायला आपल्या मागच्या पिढीला काहीच कष्ट पडणार नाहीत. ट्रंक कॉल आठवतो? साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. साधा बुक करून लोक जेवून, झोपून उठायचे. लाइटनिंगला पैसे जबर, पण तो रांगेत सगळ्यांच्या पुढे. तीन बिटांत असे आठ दर्जे मावतात. आवाज लाइटनिंगमध्ये बसतो, व्हिडिओ त्याच्या मागे, ईमेल साध्यात. ईमेल दोन सेकंद उशिरा आली म्हणून कोणाचं बिघडत नाही. 'हॅलो' दोन सेकंद उशिरा आला तर माणूस फोन ठेवून देतो. एक पथ्य मात्र कडक पाळावं लागतं. लाइटनिंगच्या रांगेला मर्यादा घालावी लागते. सगळेच लाइटनिंग बुक करू लागले तर साध्या रांगेतला माणूस म्हातारा होईल आणि लाइटनिंगलाही अर्थ उरणार नाही.

हा दर्जा खरोखर किती कामाचा? आकडे मांडून बघू. इंटरनेटवरचं मोठं पॅकेट १,५०० बाइटांचं, म्हणजे १२,००० बिटांचं. ई-१ च्या २ मेगाबिटच्या लाइनीवर ते बाहेर पडायला जवळजवळ ६ मिलिसेकंद लागतात. अशी पाच पॅकेटं पुढे उभी असतील तर आवाजाचे ३० मिलिसेकंद तिथंच गेले. तेच पॅकेट १० गिगाबिटच्या लाइनीवर १.२ मायक्रोसेकंदात निघून जातं. म्हणजे कणा जाड झाला की रांगच लागत नाही, आणि दर्जाचा प्रश्न कडेच्या बारीक लाइनींवर उरतो. कण्यावर तो एका वाईट दिवसासाठी राखून ठेवलेला असतो: एक तार तुटते, तिची वाहतूक दुसरीवर येते आणि कोणाला आधी सोडायचं हे ठरवावं लागतं. म्हणूनच शहाणे लोक कण्यावरच्या लाइनी एरवी निम्म्याच भरतात. हिशेबनीसांना हे कधी पटत नाही.

आवाज पॅकेटात घालायचाही एक खर्च आहे. साधारण २० मिलिसेकंदांचं बोलणं गोळा करून एक पॅकेट बनवतात. न दाबलेला आवाज असेल तर १६० बाइट, आणि वर पत्त्यांचे ४०. सेकंदाला अशी ५० पॅकेटं, म्हणजे ८० किलोबिट. ६४ ची बचत करायला निघालो आणि ८० वर पोहोचलो! आवाज दाबून ८ किलोबिटचा केला तर माल उरतो २० बाइट, पत्ते मात्र ४० च. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तरीही एकूण हिशेब फायद्याचा होतो, कारण मधल्या शांततेची पॅकेटं पाठवावी लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे सोळा जाळ्यांऐवजी एकच जाळं पोसायचं असतं.

उशिराचं अंदाजपत्रक तर फारच तंग. बोलणं सहज वाटायला एका बाजूनं १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावं, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद. मुंबईहून लंडनला तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमधून वळसे घेत जाणारी वाट १०,००० किलोमीटर धरा: ५० मिलिसेकंद तिथं गेले, आणि निसर्गाकडून ते परत मिळत नाहीत. पॅकेट भरायला २०. पलीकडे पॅकेटं थोडी मागंपुढं पोहोचतात, ती ओळीत लावून सलग वाजवायला थोडा साठा करावा लागतो, त्याचे ५० धरा. झाले १२०. उरलेल्या ३० मध्ये वाटेतले सगळे राउटर बसवायचे. यात कुठे उपग्रह आला तर अंदाजपत्रकच बुडालं. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर वर असतो, नुसतं वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नारायणगावजवळ आर्वीला विक्रम हे उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, तेव्हा परदेशाशी बोलण्याची सोय झाली म्हणून आनंदच होता. वाक्य संपवून थांबायचं, उत्तराची वाट बघायची, मग पुढचं बोलायचं, हे परदेशात मुलं असलेल्या घरांनी आपसूक शिकून घेतलं.

आता तार तुटण्याबद्दल. जुन्या जाळ्यात तारा कड्यासारख्या टाकलेल्या असत. एका बाजूला तुटलं की वाहतूक ५० मिलिसेकंदांत उलट्या बाजूनं फिरे. बोलणाऱ्याला फार तर एक टिचकी ऐकू येई. आयपीचे राउटर मात्र तुटल्यावर एकमेकांना विचारत, नवा नकाशा काढत बसत, आणि त्यात सेकंद जात. वेब पानाला ते चालतं, फोनला नाही. म्हणून एमपीएलएसमध्ये पर्यायी वाट आधीच काढून ठेवतात. समोरचा दुवा गेला की राउटर कोणाला विचारत नाही, खिशातली दुसरी चिठ्ठी लावतो आणि पुन्हा ५० मिलिसेकंदांच्या आसपास काम होतं.

अर्थात पर्यायी वाट असावी लागते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबल एकाच दिवशी तुटल्या, आणि दोन्ही मुंबईला येणाऱ्या होत्या. भारताची निम्म्याच्या आसपास बाहेरची क्षमता गेली. सगळं एकाच दोरीवर वाळत घातलं की दोरी तुटल्यावर सगळंच मातीत, हा एकत्र जाळ्याचा दुर्गुण आहे आणि तो चिठ्ठ्यांनी जात नाही. त्यावर उपाय एकच: पृथ्वीला दोन्ही बाजूंनी वळसा घालणारी तार. त्याआधीच टाटांच्या हाती आलेल्या व्हीएसएनएल या परदेशी फोनच्या कंपनीनं अमेरिकन टायको कंपनीचं ६०,००० किलोमीटरचं समुद्री जाळं १३ कोटी डॉलरला घेतलं, ते डॉटकॉमचा फुगा फुटल्यानंतर अशी जाळी मातीमोल झाली होती म्हणून. मग कॅनडाची टेलिग्लोब घेतली. कंपनीचं नाव टाटा कम्युनिकेशन्स झालं, आणि २०१२ मध्ये युरोप ते भारत हा उरलेला तुकडा जोडून तिचं जगाभोवतीचं कडं पूर्ण झालं. इजिप्तमध्ये काही झालं तर मुंबईची वाहतूक सिंगापूर, जपान, अमेरिका अशी उलटी निघते. उशीर दुपटीच्या वर जातो, बोलणं अडखळतं, पण होतं.

एक गोष्ट जुन्या जाळ्यात फुकट मिळत असे, आणि ती गेल्यावरच तिची किंमत कळली. ती म्हणजे घड्याळ. राखीव घरांच्या गाड्या चालायच्या तर सगळ्या यंत्रांचा ठोका एकच हवा. आयपीला ठोक्याची गरजच नाही. आम्ही एका ठिकाणी फोन नव्या जाळ्यावर हलवले. आवाज स्वच्छ, सगळे खूश. फक्त एका ऑफिसचा फॅक्स अर्ध्या पानावर तुटे, तोही रोज नाही. तीन आठवडे आम्ही फॅक्सचं यंत्र, कागद आणि ऑफिसातल्या बाईंनाही संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं. शेवटी सापडलं ते असं: दोन टोकांच्या घड्याळांत किंचित फरक होता, त्यामुळे अधूनमधून आवाजाची काही मोजमापं गळत होती. माणसाच्या कानाला एवढ्याशा टिचकीचं काही वाटत नाही. फॅक्सचा मात्र पाय घसरतो. मोबाइलच्या टॉवरांना तर मायक्रोसेकंदात बसणारी वेळ लागते, म्हणून आता तो ठोका पॅकेटांतूनच पाठवायची वेगळी व्यवस्था करावी लागली आहे.

बीटीकडे परत येऊ. एप्रिल २००५ मध्ये तिनं यंत्रं पुरवणाऱ्या आठ कंपन्या निवडल्या. त्यांत मार्कोनी नव्हती. १९२७ मध्ये पुण्याजवळच्या खडकी आणि दौंडहून ब्रिटनशी जी बिनतारी तारसेवा सुरू झाली ती याच मार्कोनीच्या तंत्रावर. यादीत नाव नाही म्हटल्यावर तिचा शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त कोसळला, आणि वर्षअखेरीच्या आत तिचा बहुतेक धंदा एरिक्सननं विकत घ्यायचं ठरलं. नोव्हेंबर २००६ मध्ये वेल्समध्ये कार्डिफजवळच्या विक या खेड्यातले पहिले फोन नव्या जाळ्यावर गेले.

आणि मग गाडी अडली. कणा बांधून झाला, ब्रॉडबँड आणि कंपन्यांची इथरनेट वाहतूक त्यावर गेली, पण घराघरांतला फोन हलवायचं काम बीटीनं काही वर्षांतच बाजूला ठेवलं. १९८० च्या दशकातली सिस्टिम एक्स आणि एएक्सई ही एक्स्चेंजं तशीच चालू राहिली. त्यांचे पैसे केव्हाच फिटले होते, ती बिघडत नव्हती, आणि त्यांच्या तारांना फोनखेरीज काय काय जोडलेलं आहे याची पूर्ण यादी कोणाकडेच नव्हती. लिफ्टमधला मदतीचा फोन, दुकानातलं कार्डाचं यंत्र, चोराची घंटा, आणि गळ्यातलं ते बटण.

ज्याच्याकडे जुनं काहीच नाही त्याचं काम किती सोपं, हे पाहायचं तर नवी मुंबईकडे बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाली तेव्हा तिच्याकडे राखीव घरांचं जाळं मुळात नव्हतंच. आवाजही पहिल्या दिवसापासून पॅकेटात. ज्यांच्या फोनला ते जमत नव्हतं त्यांना वेगळं अ‍ॅप दिलं, मामला मिटला. ब्रिटनमधल्या आजीबाईंच्या डब्याला अ‍ॅप देता येत नाही.

त्या डब्याची अडचण शेवटी आवाजाचीही नाही, विजेची आहे. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर एक्स्चेंजमधली ५० व्होल्टची वीजही घरात येते. एक्स्चेंजच्या इमारतीत बॅटऱ्यांच्या रांगा असतात, बाहेर डिझेल जनरेटर. त्यामुळे गावात अंधार झाला तरी फोन चालू राहतो. काचेच्या तारेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरातली वीज गेली की राउटर बंद, फोन बंद, बटण मुकं. नव्या जाळ्यावर गेलेल्या काही घरांत बटण दाबूनही मदत केंद्र लागलं नाही असं उघड झालं, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या कंपन्यांनी ग्राहकांना सक्तीनं हलवणं थांबवलं. आता अशा घरात लाइन बदलायच्या आधी बटण चालतंय ना याची खात्री करायची असते. आणि ज्यांना संकटात दुसरा फोनच नाही, त्यांना वीज गेल्यावर निदान एक तास पुरेल अशी बॅटरी द्यावी, असं तिथल्या नियामकाचं सांगणं आहे. इमारतभर बॅटऱ्या जे काम दिवसरात्र करत होत्या, ते आता राउटरशेजारच्या फळीवरची एक डबी तासभर करते.